प्रस्तावना : प्राण्याला नेमके काय विचारायचे?

ऑगस्ट १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातील ॲशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या चार डॉक्टरांनी बारा रुग्णांची हकीकत छापली. कुणी अपघातात जबर जखमी झालेले, कुणाला न्यूमोनियासारखा संसर्ग, एकाला स्वादुपिंडाचा दाह. मूळ दुखणे वेगवेगळे, पण पुढचा मार्ग एकच. श्वास झपाट्याने वाढला, ऑक्सिजन देऊनही ओठांचा निळेपणा जाईना, छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसू लागली आणि ती इतकी ताठ झाली की यंत्रानेही हवा भरणे अवघड जाऊ लागले. बारांपैकी सात जण दगावले. शवविच्छेदनात जड, पाण्याने भरलेली फुप्फुसे मिळाली.

त्या आजाराला आज आपण एआरडीएस म्हणतो. १९९४ साली अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञांनी मिळून त्याची व्याख्या केली, तेव्हा सौम्य रुग्णांनाही सामावून घेण्यासाठी ‘ॲक्युट लंग इंजरी’, म्हणजे फुप्फुसाची तीव्र इजा, ही व्यापक संज्ञा रूढ झाली. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने रुग्णांपुरती ती बाजूला ठेवली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र ती अजून चालते. पन्नास देशांतल्या ४५९ अतिदक्षता विभागांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे दाखल होणाऱ्या दर दहा रुग्णांमागे साधारण एकाला हा आजार असल्याचे आणि त्यांतले सुमारे चाळीस टक्के रुग्णालयातच मरण पावत असल्याचे तिने दाखवले. आपल्याकडे पावसाळा लागला की मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू आणि स्क्रब टायफसचे रुग्ण याच अवस्थेत आयसीयूत येतात. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याचे फुप्फुस डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत निकामी होते. कोरोनाच्या साथीत तर हे दृश्य घराघराला ठाऊक झाले.

आणि तरीही, अर्धशतक उलटून गेल्यावर, या आजाराच्या सरसकट सर्व रुग्णांना हमखास उपयोगी पडेल असे एकही औषध आपल्या हाती नाही. प्राण्यांमध्ये गुणकारी ठरलेल्या औषधांची यादी मात्र लांबलचक आहे. ती यादी आणि रुग्णाची खाट यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्याविषयी हे पुस्तक आहे.

आधी फुप्फुसात काय घडते ते पाहू. माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याच्या एका बाजूला वायुकोशाच्या पेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीचे अस्तर. जंतूंचे विष, पोटातले आम्ल, रक्तातून आलेला दाह किंवा जोराने भरलेली हवा, यांपैकी कशानेही हा पडदा फाटला की प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात झिरपते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात आणि जंतूंसाठी राखलेली शस्त्रे आपल्याच ऊतीवर चालवतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून आतून पसरलेला सरफॅक्टंटचा थर नासतो. मग वायुकोश मिटतात, रक्त त्यांच्याजवळून जाते पण ऑक्सिजन न घेताच परतते. पुढच्या दिवसांत दुरुस्ती सुरू होते. ती नीट झाली तर रुग्ण वाचतो, भरकटली तर फुप्फुसात व्रणासारखी घट्ट ऊती तयार होते.

हे सगळे माणसात क्रमाने पाहता येत नाही. रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा इजा होऊन गेलेली असते. त्याच्या फुप्फुसाचा तुकडा दर सहा तासांनी काढून पाहणे शक्य नसते. आणि त्याला एकाच वेळी दहा औषधे चालू असतात. म्हणून संशोधक प्राण्याकडे वळतो. तिथे इजेची वेळ ठाऊक असते, कारण ठाऊक असते, आणि इजा न झालेला दुसरा गट तुलनेला ठेवता येतो.

इजा करण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीचा उगम रुग्णाच्या एखाद्या वास्तवात आहे. मांडीचे हाड मोडले की मज्जेतली चरबी रक्तात उतरून फुप्फुसात अडकते. त्याची नक्कल म्हणून शिरेतून ओलिइक आम्ल देतात. बेशुद्ध रुग्णाच्या श्वासनलिकेत पोटातले आम्ल जाते. त्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल श्वासनलिकेत टाकतात. जंतुसंसर्गासाठी जंतूंच्या कवचातला एलपीएस हा घटक श्वासातून किंवा शिरेतून देतात, किंवा थेट जिवंत जंतूच देतात. पोटातून पसरणाऱ्या सेप्सिससाठी आंधळ्या आतड्याला बांधून सुईने भोक पाडतात. सरफॅक्टंटच्या अभावासाठी फुप्फुस सलाइनने वारंवार धुतात. याशिवाय जास्त ऑक्सिजन, ब्लिओमायसिन, पॅराक्वाट आणि खुद्द व्हेंटिलेटर यांनीही इजा करता येते.

यांतला कुठलाही नमुना म्हणजे संपूर्ण आजार नाही. सलाइनने धुतलेले फुप्फुस मिटते आणि ऑक्सिजन घसरतो, पण सुरुवातीला दाह फारसा नसतो; म्हणून व्हेंटिलेटरच्या पद्धती तपासायला तो नमुना चांगला आणि दाहशामक औषध तपासायला कमकुवत. शिरेतून एलपीएस दिलेल्या उंदरात दाह भरपूर दिसतो, पण वायुकोशाच्या पडद्याला झालेली इजा बऱ्याचदा सौम्य राहते. ओलिइक आम्ल पडदा तत्काळ फाडते, पण त्याचा संसर्गाशी संबंध नाही. पॅराक्वाटचे तर वेगळेच आहे: वायुकोशाच्या पेशी पॉलिअमाइन नावाची द्रव्ये ज्या वाटेने आत घेतात त्याच वाटेने हे विष आत शिरते आणि तिथे साठत जाते. म्हणून हा नमुना पॅराक्वाटच्या रुग्णाविषयी पुष्कळ सांगतो आणि मलेरियाच्या रुग्णाविषयी फार थोडे.

प्राण्याची जातही उत्तर बदलते. उंदराच्या रक्तात न्यूट्रोफिलचे प्रमाण माणसापेक्षा बरेच कमी असते. माणसात न्यूट्रोफिलना बोलावून आणणारा आयएल-८ हा प्रमुख निरोप्या उंदरात नसतोच. त्याचे काम दुसरी प्रथिने करतात. माणसाला ज्या मात्रेत एलपीएसने ताप भरतो, तिच्या हजारो पटींनी अधिक मात्रा उंदीर पचवतो. मेंढी आणि डुक्कर यांच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत एका खास प्रकारच्या भक्षक पेशी असतात, त्यामुळे शिरेतून दिलेल्या एलपीएसला त्यांचे फुप्फुस फार तीव्र प्रतिसाद देते. उंदीर सोयीचा, कारण त्याची जनुके हवी तशी बदलता येतात. मेंढी सोयीची, कारण तिच्यावर माणसाचे व्हेंटिलेटर आणि रक्तदाबाची मोजमापे जशीच्या तशी चालतात. सोयीची किंमत काय मोजतो आहोत, हे मात्र प्रयोगाआधी ठाऊक हवे.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: प्राणी आपल्याला फसवत नाही, तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. प्रश्न नेमका असेल तर ते उत्तर रुग्णाच्या कामी येते. याला इतिहासात भक्कम पुरावा आहे.

अकाली जन्मलेल्या बाळांचे उदाहरण घ्या. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले की, श्वास अडकून दगावणाऱ्या या बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट पुरेसे नसते. १९७२ मध्ये एनहॉर्निंग आणि रॉबर्टसन यांनी अकाली जन्मलेल्या सशाच्या पिलांच्या श्वासनलिकेत सरफॅक्टंट घातले आणि त्यांची फुप्फुसे उघडली. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून केलेले सरफॅक्टंट दहा बाळांना दिले, आणि नवजात बाळांच्या उपचाराची दिशा बदलली. सशाचे पिलू आणि माणसाचे बाळ यांच्यात दोष एकच होता, म्हणून उत्तर जुळले. तेच सरफॅक्टंट मोठ्या माणसांच्या एआरडीएसमध्ये वापरून पाहिले गेले. १९९६ मध्ये सेप्सिसच्या ७२५ रुग्णांवर कृत्रिम सरफॅक्टंट फवाऱ्याने देऊन पाहिले. मृत्यूंत फरक पडला नाही. मोठ्यांच्या फुप्फुसात सरफॅक्टंटचा तुटवडा हा अनेक बिघाडांपैकी एक होता, आणि जो पडदा फुटला होता तो फुटलेलाच राहिला.

दुसरा पुरावा व्हेंटिलेटरचा. वेब आणि टिअर्नी यांनी १९७४ मध्ये रॅटच्या निरोगी फुप्फुसात फार मोठ्या दाबाने हवा भरली; तासाभरात फुप्फुसे पाण्याने भरून प्राणी मेले. श्वास सोडतानाही थोडा दाब टिकवून ठेवला तेव्हा इजा कमी झाली. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये ड्रेफ्यूस आणि सोमों यांनी पुढचा प्रश्न विचारला: इजा दाबाने होते की ताणाने? त्यांनी काही रॅटची छाती पट्ट्याने आवळली, म्हणजे दाब तेवढाच राहिला पण फुप्फुस फुगले नाही. या रॅटना इजा झाली नाही. उत्तर स्वच्छ होते. २००० मध्ये अमेरिकेच्या एआरडीएस नेटवर्कने ८६१ रुग्णांवर हाच विचार तपासला. दर श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. पालथे झोपवण्यामागची कारणमीमांसाही मोठ्या प्रमाणात कुत्र्यांवरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाली होती. २०१३ मध्ये फ्रान्स-स्पेनमधल्या ४६६ रुग्णांच्या चाचणीत पालथे झोपवलेल्यांचे अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कोरोनाच्या वॉर्डात रुग्णांना पालथे घालणाऱ्या प्रत्येक नर्सच्या हातामागे हे काम उभे होते.

आता औषधांकडे वळू. इथे सालब्युटामॉलची गोष्ट मी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात जवळजवळ सगळे धडे आहेत. दम्याच्या पंपातले हे ओळखीचे औषध. वायुकोशाच्या पेशी सोडियम आतून बाहेर ढकलतात आणि त्याच्यामागोमाग पाणीही वायुकोशातून बाहेर पडते. सालब्युटामॉलच्या जातीची औषधे ही क्रिया वेगवान करतात, हे मेंढी, कुत्रा आणि रॅट यांच्यात, शिवाय शरीराबाहेर ठेवलेल्या माणसाच्या फुप्फुसातही दिसून आले होते. २००२ मध्ये याच जातीच्या सालमेटेरॉलने उंच पर्वतावर फुप्फुसात पाणी साठणे टळते, असे दिसले. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये ४० एआरडीएस रुग्णांना शिरेतून सालब्युटामॉल दिले, तेव्हा सातव्या दिवशी फुप्फुसातले पाणी खरोखर कमी भरले. इतका सुसंगत पुरावा फार थोड्या औषधांच्या वाट्याला येतो.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. २०११ मध्ये अमेरिकेत २८२ रुग्णांवरची फवाऱ्याची चाचणी फायद्याची आशा उरली नाही म्हणून थांबवावी लागली. २०१२ मध्ये ब्रिटनमधली शिरेतून औषध देण्याची चाचणी ३२६ रुग्णांनंतर थांबवली गेली, कारण औषध मिळालेल्यांपैकी ३४ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २३ टक्के रुग्ण अठ्ठावीस दिवसांत मरण पावले होते.

असे का झाले? पाणी बाहेर काढणारी यंत्रणा पेशी शाबूत असेल तरच चालते. पर्वतावरच्या गिर्यारोहकाचा पडदा बहुतांशी शाबूत असतो. गंभीर एआरडीएसच्या रुग्णाचा नसतो. बांध फुटलेल्या शेतात पंप लावून पाणी हटत नाही. दुसरीकडे, शिरेतून गेलेले औषध हृदयाचे ठोके वाढवत होते, लय बिघडवत होते, रक्तात लॅक्टिक आम्ल साठवत होते. तरुण, निरोगी मेंढी हे सोसते; सेप्सिसने खंगलेला साठीचा रुग्ण सोसत नाही. प्राण्यांनी सांगितलेले प्रत्येक वाक्य खरे होते. ‘पाणी लवकर निघते का’ एवढेच आपण त्यांना विचारले होते. ‘पडदा फाटलेला, रक्तदाब ढासळलेला, व्हेंटिलेटरवरचा जीव यामुळे वाचतो का’ हे विचारलेच नव्हते.

असेच पुष्कळ औषधांचे झाले. किटोकोनॅझोल, लिसोफायलिन, श्वासातून दिलेला नायट्रिक ऑक्साइड, ॲस्पिरिन, इंटरफेरॉन-बीटा: प्रयोगशाळेत आशा, रुग्णांत निराशा. स्टॅटिनचा अनुभव थोडा वेगळा आणि म्हणून महत्त्वाचा. २०१४ मध्ये ५४० रुग्णांवर सिमव्हास्टॅटिन आणि ७४५ रुग्णांवर रोसुव्हास्टॅटिन तपासले गेले. दोन्ही निष्फळ ठरली. पुढे रुग्णांच्या रक्तातल्या खुणांवरून त्यांचे दोन गट पाडले गेले, एक तीव्र दाहाचा आणि एक कमी दाहाचा. त्यानुसार सिमव्हास्टॅटिनच्या चाचणीची पुन्हा छाननी केली, तेव्हा तीव्र दाहाच्या गटात औषध मिळालेले अधिक जगल्याचे दिसले. रोसुव्हास्टॅटिनच्या चाचणीत तसे दिसले नाही, म्हणून यावर लगेच उपचार बेतता येत नाहीत. पण एका नावाखाली आपण अनेक आजार एकत्र बांधले आहेत, हे त्यातून पक्के झाले. प्रयोगशाळेतला नमुना नेमक्या एका इजेचा असतो आणि चाचणीत येणारे रुग्ण सरमिसळ असतात. मग उत्तर जुळावे कसे?

स्टेरॉइडचा प्रवास हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतो. १९८७ मध्ये मोठ्या मात्रेचा थोड्या काळाचा डोस निरुपयोगी ठरला. २००६ च्या चाचणीत आजार सुरू होऊन दोन आठवडे उलटल्यावर ज्यांना स्टेरॉइड सुरू केले, त्यांच्यात मृत्यू वाढले. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने रोज फक्त ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, तपासले. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. औषधांचा वर्ग तोच. मात्रा, वेळ आणि रुग्ण बदलले आणि निष्कर्ष बदलला.

म्हणून प्राण्यावरच्या कुठल्याही निबंधात मी आधी वेळ पाहतो. औषध इजेच्या अर्धा तास आधी दिले असेल, तर तो प्रतिबंधाचा अभ्यास आहे, उपचाराचा नाही. आयसीयूत कुणी इजेच्या आधी येत नाही. मग प्राणी पाहतो: आठ-दहा आठवड्यांचे, एकाच लिंगाचे, निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेले उंदीर वयस्कर, मधुमेही रुग्णाबद्दल किती सांगणार? नंतर मोजमाप: फक्त दाहाची रसायने मोजली, की फुप्फुसाचे काम आणि जगण्याचे प्रमाणही? आणि शेवटी शिस्त: कोणता प्राणी कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवले का, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहणाऱ्याला तो गट ठाऊक होता का? या चार गोष्टी सुधारल्या तर प्राण्यांतले कितीतरी ‘गुणकारी’ परिणाम फिके पडतील, आणि जे टिकतील त्यांच्यावर भरवसा ठेवता येईल.

शास्त्रज्ञांमध्ये यावर जोरदार वाद आहे. २०१३ मध्ये एका अमेरिकी गटाने जळणे, गंभीर जखमा आणि एंडोटॉक्सिन (म्हणजेच एलपीएस) यांना माणसाची आणि उंदराची जनुके कसा प्रतिसाद देतात याची तुलना केली आणि उंदीर माणसाची फारच वाईट नक्कल करतो असा निष्कर्ष काढला. दोन वर्षांतच जपानी संशोधकांनी तीच माहिती वेगळ्या रीतीने तपासून साम्य उत्तम असल्याचे मांडले, आणि दोन्ही निबंध एकाच नियतकालिकात छापले गेले. विश्लेषणात काय शोधायचे ते बदलले की उंदीरही बदलतो, हे याहून ठळकपणे सांगता येणार नाही.

सुधारणेचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या कार्यगटाने २०११ मध्ये चार कसोट्या ठरवल्या: ऊतीची इजा, पडद्याची गळती, दाह आणि फुप्फुसाच्या कामातला बिघाड. यांतल्या किमान तीन दिसल्याशिवाय प्राण्यातल्या बिघाडाला फुप्फुसाची तीव्र इजा म्हणू नये, अशी त्यांची शिफारस; २०२२ मध्ये त्या अद्ययावत झाल्या. प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत यासाठीचे ‘अराइव्ह’ निकष २०१० मध्ये आले आणि २०२० मध्ये सुधारले गेले.

नैतिकतेचा प्रश्न या सगळ्यापासून वेगळा काढता येत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच तीन तत्त्वे सांगितली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, संख्या कमी ठेवा, वेदना कमी करा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणारी नीतिमत्ता समिती असते. त्या समितीपुढचा अर्ज हा केवळ कागद समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गुदमरणे ही कोणत्याही जिवाला होणारी भयंकर वेदना आहे. सहा प्राण्यांच्या गटात चिठ्ठ्या न टाकता केलेला, इजेआधीच औषध दिलेला प्रयोग काहीच शिकवत नसेल, तर ती वेदना वाया गेली. आणि अशाच प्रयोगाच्या भरवशावर औषध रुग्णापर्यंत गेले, तर त्याचे मोल एखाद्या कुटुंबाला मोजावे लागते.

पर्यायही वाढत आहेत. प्रत्यारोपणासाठी न वापरता आलेली माणसाची फुप्फुसे शरीराबाहेर काही तास जिवंत ठेवता येतात. हार्वर्डमध्ये २०१० मध्ये बनवलेल्या चिपवर वायुकोश आणि केशवाहिनीच्या पेशी समोरासमोर वाढवून श्वासासारख्या ताणल्या जातात. भारतातही २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा पद्धतींना स्थान मिळाले. पण चिपला हृदय नाही, मूत्रपिंड नाही, रक्तदाब नाही. सालब्युटामॉलने केलेले नुकसान तिच्यावर दिसले नसते. म्हणून प्राणी, माणसाचे फुप्फुस आणि चिप यांनी एकमेकांची उत्तरे पडताळावीत, हाच सध्याचा शहाणपणाचा मार्ग.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी इजेचे नमुने, मग मोजमापाच्या पद्धती, मग एकेका औषधाचा प्रवास, आणि शेवटी प्रयोगाची आखणी. औषधशास्त्र, वैद्यक आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिले आहे. तसेच ज्यांनी आपले माणूस आयसीयूच्या काचेपलीकडे पाहिले आणि ‘यावर औषध का नाही’ असा प्रश्न ज्यांना पडला, त्या वाचकांसाठीही.

विद्यार्थ्यांकडे एकच मागणे आहे. ॲनिमल हाऊसकडे प्राण्यांची मागणी पाठवण्याआधी कागदावर तीन उत्तरे लिहा: औषध इजेनंतर किती वेळाने देणार, कोणत्या रुग्णासाठी हा नमुना निवडला, आणि कोणता निकाल आला तर हे औषध सोडून द्याल. तिसरे उत्तर लिहिता येत नसेल तर प्रयोग अजून तयार नाही. आणि तो निकाल नकारार्थी आला, तरी तो छापा. ‘हे औषध चालत नाही’ हे प्रयोगशाळेत वेळेवर कळले, तर ते आयसीयूत उशिरा कळण्याची पाळी कुणावर येणार नाही.